सहाव्या खाटेची भिंतीकडची बाजू

१

“मग नळी कोण धरत होतं?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“मीच. सांगितलं ना.”

“आणि चादर?”

“तीही मीच. मावशी, कोर्टात उभं केल्यासारखं विचारू नकोस गं. तीन आठवडे मी एकटी वळवतेय. एकाच्याही पाठीला जखम नाही. एकाचीही नळी हललेली नाही. दातांपाशी बावीसचा आकडा म्हणजे बावीसचाच. इन्चार्ज सिस्टर स्वतः बॅटरी मारून बघून गेल्या.”

“तुला हात किती आहेत, बारकी?”

“दोन.”

“हं. मीही तेवढेच धरून चालले होते.”

बारकी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची सगळ्यात लहान मुलगी. आता छत्तीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा वीतभर उंच, पण नाव पडलं ते पडलं. मी ज्या आयसीयूत सव्वीस वर्षं काढली तिथेच ती आज सिस्टर आहे. सकाळची ड्यूटी संपवून दुपारी तीनला माझ्याकडे आली होती. पायातले बूट काढले नव्हते. आल्या आल्या तिने टेबलाजवळची खुर्ची ओढून भिंतीला टेकवली आणि मगच बसली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. माझ्या घरात एवढ्या वर्षांत त्या जागी कोणी बसलेलं नाही. तिथे पंख्याचा वारा येत नाही.

मी ते पाहिलं. भांडणाच्या भरात माणूस कुठेही बसतो.

भांडण एका कागदावरून होतं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तिला त्यावर सही करायची होती. वरती टाईप केलेलं होतं की या विभागात रुग्णाची कूस बदलण्याचं काम एक परिचारिका सुरक्षितपणे करू शकते, असं तीन आठवड्यांच्या अनुभवावरून दिसून आलं आहे. खाली तिचं नाव आणि सहीपुरती रेघ.

“तू सही करायची नाहीस,” मी म्हटलं.

“आणि नाही केली तर? दोन खाटा बंद करतील. दोन माणसं बाहेर पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर पडतील. त्यांच्या बायकामुलांना तू येऊन सांगणार आहेस का, की माझ्या मावशीला पसंत नव्हतं?”

प्रश्न खरा होता. खऱ्या प्रश्नाचा मला नेहमीच राग येतो.

२

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिते. बेशुद्ध माणूस स्वतःहून कूस बदलत नाही. दर दोन तासांनी त्याला डावीकडे, उताणं, उजवीकडे असं कोणीतरी वळवावं लागतं, नाहीतर पाठीची कातडी मरते आणि खाली हाड दिसायला लागतं. मी पाहिलंय. त्यासाठी कमरेखालून एक आडवी चादर घातलेली असते. दोघींनी दोन बाजूंना उभं राहायचं, चादरीची कड गुंडाळत गुंडाळत रुग्णाच्या अंगापर्यंत न्यायची आणि ती गुंडाळी मुठीत धरायची. तिसरी उशाशी. तिच्या हातात डोकं आणि घशात गेलेली श्वासाची नळी. नळीवर सेंटिमीटरचे आकडे छापलेले असतात, दातांपाशी जो आकडा असेल तो हलता कामा नये. मोजायचं तिने. एक, दोन, आणि तीनला सगळ्यांनी एकदम. उशाशी असलेलीचा शब्द अखेरचा, मग ती कालची आलेली मुलगी का असेना. कारण नळी तिच्या हातात असते आणि जीव नळीत असतो.

तिघी कधी मिळत नाहीत. आम्ही दोघी होतो, मी आणि लांबडी. लांबडी म्हणजे माझ्याबरोबर अकरा वर्षं काम केलेली सिस्टर. काठीसारखी, एका दमात दोन जिने चढणारी. आमच्या हॉलमध्ये सहा खाटा. सहावी अगदी टोकाला, तिच्या आणि भिंतीच्या मध्ये दीड हाताची जागा. ऑक्सिजनचे पाईप तिथून गेलेले. त्या फटीत माणूस आडवा होऊनच उभा राहू शकतो, म्हणून तिथे नेहमी लांबडी जायची. मी अलीकडून, एका हातात नळी, एका हातात चादर. मोजायची मी.

मग एका उन्हाळ्यात लांबडीला खालच्या मजल्यावर हलवलं. तिथे माणसं कमी पडत होती म्हणून. लगेच सांगून टाकते, लांबडी जिवंत होती, धडधाकट होती आणि रोज दुपारी माझ्या डब्यातलं लोणचं खाऊन जात होती. तेव्हा पुढचं वाचून तिचा संशय कोणी घेऊ नये.

सहा नंबरला एक बसड्रायव्हर होता. डोक्याला मार, व्हेंटिलेटरवर, वजन नव्वदच्या पुढे. दुपारचे दोन वाजले, त्याला भिंतीकडे वळवायची वेळ झाली. दुसऱ्या तीन खाटांचे अलार्म वाजत होते आणि मदतीला येतो म्हणाले ते कोणी आले नाही. नियमाप्रमाणे मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. सफाईच्या कामाला लागून, उभ्या उभ्या चार्ट वाचायला शिकून, तीस वर्षांची झाल्यावर परीक्षा देऊन सिस्टर झालेली बाई मी. कोणासाठी थांबून माझं काही झालेलं नव्हतं.

सवयीने मोजलं. एक, दोन, तीन.

ड्रायव्हर वळला. भरलेल्या बादलीसाठी ताकद लावावी आणि ती रिकामी निघावी, तसा वळला.

३

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, आपल्या अंगात अजून जोर आहे. चार वाजता उताणा केला, सहाला अलीकडे घेतला. सगळं हलकं.

दुसऱ्या दिवशी चादर बदलताना मला ती कड दिसली. अलीकडची कड मी स्वतः गुंडाळते, तिच्यावर माझ्या मुठीच्या चुण्या असतात. पलीकडची कड सपाट असायला हवी होती. मी त्या फटीत गेलेच नव्हते. ती गुंडाळलेली होती. रुग्णाच्या अंगापर्यंत, घट्ट, एकसारखी, आणि तिच्यावर दोन ठिकाणी चुण्या होत्या. खांद्यापाशी एक, कमरेपाशी एक. शिकवतात तेवढ्याच अंतरावर.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. माझ्या हातात माणसं मेली आहेत. कोणीही परत येऊन काही विचारलेलं नाही, आणि विचारायचंच असतं तर बऱ्याच जणांकडे कारण होतं. तेव्हा मी आधी खाट तपासली. सलाईनची अर्धी बाटली गादीवर आडवी ठेवली. बुडबुडा मधोमध राहिला, म्हणजे उतार नव्हता. मग आयाबाईंना विचारलं, त्या फटीत कोण गेलं होतं.

“तिथं? झाडू जाईना तिथं, सिस्टर.”

मग मी पलीकडची कड गादीखाली चार बोटं खोल खोचली. माझ्या हाताने, ताणून. वळून अलीकडे आले, नळी धरली, चादर धरली, मोजलं. ड्रायव्हर हलका वळला. मी वाकून पाहिलं. कड गादीखालून निघाली होती आणि गुंडाळलेली होती.

मनाशी म्हटलं, वजनाने ओढली गेली असेल. ओढली गेली की आपोआप गुंडाळली जाते.

चादर आपोआप गुंडाळली जात नाही. सव्वीस वर्षांत एकदाही गेलेली नाही. पण तेव्हा मला दुसरं उत्तर नको होतं.

४

“आणि तू कोणाला सांगितलं नाहीस,” बारकी म्हणाली. तिचे दोन्ही हात टेबलावर उलटे पडले होते, पंजे वर. दमलेल्या माणसाचे असतात तसे.

“काय सांगायचं? की माझं काम सोपं झालंय?”

“मग मला का टाकून बोलतेस?”

“कारण मीही सही केली होती.”

हे मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. कोणालाच नव्हतं.

आठवडाभरात गोष्ट वर पोचली होती. अधीक्षक राउंडला आले, ड्रायव्हरची पाठ बघितली. तान्ह्या मुलासारखी कातडी. मला म्हणाले, “सिस्टर, एकट्या करता? शाबास.” माझ्यासमोर, सगळ्या शिकलेल्या मुलींसमोर. ज्या बाईंनी मला परीक्षेला बसायला नको म्हटलं होतं त्याही तिथेच होत्या. मग अधीक्षकांनी एक कागद काढला. एक परिचारिका पुरेशी आहे. मी इतक्या जोरात सही केली की खालच्या कागदावर उमटली. लांबडीची जागा त्या महिन्यात कायमची गेली. ती आजतागायत भरलेली नाही. बारकी ज्या हॉलमध्ये एकटी उभी राहते, तो हॉल माझ्या सहीवर चालतो; तीन आठवड्यांपूर्वी मदतीच्या आयाबाईही काढल्या, म्हणून आता नवी सही हवी.

“म्हणजे तुझ्यामुळे,” ती म्हणाली.

“माझ्यामुळे.”

ती हसली, पण नुसतं ओठांनी. “घराण्यातच आहे म्हणायचं. मग मला उद्या पेनसुद्धा तुझंच दे.”

५

ड्रायव्हरला मी एकटीने वळवू लागले त्याचा नववा दिवस. दुपारचे दोन. हॉलमध्ये ऊन आलेलं होतं, सहा नंबरच्या पायापर्यंत. मुद्दाम लिहिते, कारण लोक विचारतील अंधार होता का. नव्हता. चादरीची वीण दिसत होती.

त्याला भिंतीकडे वळवायचं होतं. व्हेंटिलेटर अलीकडच्या बाजूला, त्यामुळे पाईप पुरतो की नाही हे आधी बघावं लागतं. मी डाव्या हातात नळी धरली, उजव्या हातात चादरीची कड, आणि मोजायला लागले.

“एक. दोन.”

तो वळला.

मी तीन म्हटलं नव्हतं. माझ्या हातातली चादर सटकली आणि ड्रायव्हर भिंतीकडे गेला, जोरात नाही, नेहमीच्याच सफाईने, पण पाईप पुरेसा मोकळा नव्हता आणि नळी बाहेर यायला लागली. दातांपाशी बावीसच्या जागी अठराचा आकडा दिसला. अलार्म सुरू झाला. मी चादर सोडून दोन्ही हातांनी नळी धरली आणि ओरडले, “थांब.”

कोणाला म्हटलं ते मला तेव्हा सुचलं नाही.

तो थांबला. अर्ध्या वळणात. कुशीवरही नाही आणि उताणाही नाही. नव्वद किलोचा बेशुद्ध माणूस त्या अवस्थेत थांबू शकत नाही. तो एका नाहीतर दुसऱ्या बाजूला पडतोच. माझे दोन्ही हात त्याच्या तोंडापाशी होते. त्याच्या धडाला माझा स्पर्शही नव्हता. आणि त्याच्या पाठीखालची चादर भिंतीच्या दिशेने ताणलेली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी, फटीच्या वर, हवेत. कड गुंडाळलेली. दोन ठिकाणी आवळलेली. आवळलेल्या जागी कापड दबलेलं होतं, चार चार खोबणी पडलेल्या. उन्हात प्रत्येक खोबणीत एक बारीक सावली होती.

मग तो हळूहळू उताणा झाला. आधी खांदा टेकला, मग कंबर. नव्या मुलींना आम्ही तसंच शिकवतो.

डॉक्टर धावत आले, नळी पुन्हा आत गेली, ड्रायव्हर वाचला. डॉक्टरांनी विचारलं, “एकट्याच होतात?”

“हो,” मी म्हटलं. तोंडातून शब्द बाहेर पडला तेव्हाच मला तो खोटा वाटला.

६

ड्रायव्हर पंधराव्या दिवशी शुद्धीवर आला. घशाला भोक पाडून तिथे नळी बसवलेली, त्यामुळे बोलता येत नव्हतं. अशांना आम्ही पाटी देतो. पहिल्यांदा सगळे पाणी मागतात किंवा बायको मागतात. त्याची बायको बाहेरच होती, पंधरा दिवस एकाच बाकावर, हातात त्याची चप्पल घेऊन. घरी जाताना लागेल म्हणून.

तिला आत घेतलं. तो तिच्याकडे बघून रडला, मग पाटी मागितली. अक्षर वाकडंतिकडं.

“भिंतीकडे नको.”

“दोन तासच,” मी म्हटलं. “पाठीला बरं असतं.”

त्याने मान हलवली. पुसून पुन्हा लिहिलं. खडू दोनदा मोडला.

“तुम्ही वळवून जाता. ती जात नाही.”

बायकोने मला विचारलं, “कोण, सिस्टर?”

“औषधाने भास होतात,” मी सांगितलं. होतात, हे खरं आहे. कितीतरी जणांना भिंतीवर मुंग्या दिसतात. मी त्याची खाट बदलली आणि पाटी स्वतः धुतली. पण दर फेरीतले दोन तास, रोज, नऊ दिवस, मी त्या माणसाला भिंतीकडे तोंड करून ठेवून दुसऱ्या खाटेकडे गेले होते. तो बेशुद्ध आहे असं धरून. त्याचे डोळे बंद होते हे मी तरी नीट पाहिलं होतं का, ते आज मला आठवत नाही.

त्या नवव्या दिवसानंतर मी कधी एकटीने कोणाला वळवलं नाही. आयाबाईंना बोलावलं, लिफ्टवाल्याला बोलावलं, एकदा तर ड्रायव्हरच्या बायकोलाच हातमोजे चढवून पलीकडे उभं केलं. पलीकडच्या बाजूला हाडामांसाचं कोणीतरी हवं, एवढंच. ती जागा मोकळी सोडायची नाही. अधीक्षकांकडे दुसरी सिस्टर मागितली तेव्हा त्यांनी कपाटातून माझाच कागद काढून समोर ठेवला. मी मुकाट्याने खाली आले. आयुष्यात मुकाट्याने खाली आले ती तेवढी एकच वेळ.

७

“झालं?” बारकी म्हणाली.

“झालं. आता सांग, सही करणार आहेस?”

“मावशी, माझा सगळ्यात जड पेशंट चार नंबरला आहे. एका शाळेतले गणिताचे मास्तर. खाट मधोमध आहे. दोन्हीकडे मोकळी जागा, भिंत नाही, फट नाही. दोन्ही कडा मी रोज बघते. पलीकडची कड सपाट असते, इस्त्री केल्यासारखी.”

“तू बघतेस रोज?”

तिने टेबलावरचे हात मांडीवर ओढून घेतले.

“कशाला बघतेस? तुला कोणी सांगितलं होतं कडा बघायला? मी तर आज सांगतेय.”

बाहेर रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. बारकीने बूट एकमेकांवर घासले. मघाचा तिचा तोरा कुठे गेला ते मला कळेना. मी जिंकत होते आणि मला ते आवडत नव्हतं.

“हे बघ,” मी जरा नरमाईने म्हटलं, “तू माझ्याहून शिकलेली आहेस. चार वर्षं कॉलेजात गेलीस. हिशोब कर. मास्तरांचं वजन किती?”

“ब्याऐंशी.”

“ब्याऐंशी किलो वळवायला दोन्ही हात चादरीला लागतात. माझ्यासारख्या बैलाला एका हाताने जमलं, ते का जमलं तेही तुला सांगितलं. तू दोन्ही हातांनी वळवतेस?”

“हो.”

“दोन्ही?”

“दोन्ही. नीट ऐक, मावशी. ओढते मीच. सगळं वजन माझ्याच हातांवर येतं. हलकं अजिबात लागत नाही. बघ.” तिने हात पुढे केले. तळव्यांना चादरीचे वळ होते, लाल, ताजे. म्हणजे या बाबतीत ती खरं बोलत होती. पोरीला कोणी मदत केली नव्हती. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, इतकं की मी पाणी प्यायला उठले. माठाजवळ पोचले तेव्हा उरलेला हिशोब माझ्या ध्यानात आला.

दोन्ही हात चादरीला. आणि आकडा बावीस. तीन आठवडे, दिवसातून तीनदा, बावीसचा आकडा केसभरही हलला नव्हता. इन्चार्जने बॅटरी मारून बघितलं होतं.

मी वळले नाही. भांडं हातात तसंच होतं. पाठमोरीच उभी राहून नळीचाच प्रश्न चौथ्यांदा, वेगळ्या शब्दांत विचारला, “बारकी, मोजतं कोण?”

खुर्चीची पाठ भिंतीला घासल्याचा आवाज आला. होती त्याहून मागे ती सरकू शकत नव्हती, तरी सरकत होती. मग अगदी ड्यूटी सोपवताना बोलतो तशा सपाट आवाजात तिने सांगितलं.

“मावशी, माझ्याकडे ती पलीकडे नसते, ती उशाशी असते.”